ओरछा दरवाजाचा हिशेब

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ २००३ साली आइसलंडमधल्या एका कंपनीने बाजारात आणला. लढाया त्यात भरपूर आहेत, पण ज्याला लढायचे नाही त्याच्यासाठीही एक धंदा आहे: मालवाहतूक. एका ताऱ्यापाशी स्वस्तात घेतलेला माल दुसऱ्या ताऱ्यापाशी महाग विकायचा, किंवा दुसऱ्याचा माल भाडे घेऊन पोचता करायचा. या धंद्यात नव्याने शिरणाऱ्याला जुने खेळाडू चार गोष्टी सांगतात. बुडाला तरी निभावेल एवढाच माल एका खेपेत न्यावा. परतीचे भाडे आधी ठरवावे, रिकामे फिरू नये. दुसऱ्याचा माल उचलताना अनामत किती ठेवावी लागते ते पाहावे. आणि ताऱ्यांच्या वस्त्यांना जोडणारी जी दारे आहेत तिथे डोळे उघडे ठेवावेत, कारण लुटारू मोकळ्या अवकाशात भटकत नाहीत, ते दाराशी टपून असतात. पोटातला माल दुरून तपासतात, तो हल्ल्याच्या खर्चापेक्षा जास्त किमतीचा असेल तरच झडप घालतात. यातले काहीच नवे नाही. झाशीच्या ओरछा दरवाजासारख्या वेशीतून शंभर-दीडशे वर्षे ज्यांनी माल आत-बाहेर केला त्यांना हे चारही सल्ले पाठ होते, आणि चौथ्याचे वजन बाकीच्या तिन्हींहून जास्त होते. मालवाहतुकीचा नफा रस्त्यावर ठरत नाही, भावातल्या फरकावरही ठरत नाही. तो दारावर ठरतो. बुंदेलखंडाचा इतिहास तपासला तर हे विधान टिकते असे माझे मत आहे. ते कुठे डळमळते तेही पाहू.

झाशीचा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधला, पण झाशी हे शहर मुख्यतः मराठ्यांनी वसवले. छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ साली धावून गेला, त्या उपकाराची फेड म्हणून बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला, आणि १७४२ साली नारोशंकर झाशीचा सुभेदार झाला. नाशिकला गोदाकाठी ज्याचे देऊळ आणि घंटा आपण पाहतो, मालेगावचा भुईकोट ज्याने बांधला, तोच हा नारोशंकर राजेबहाद्दर. किल्ल्याला त्याने शंकरगडाची जोड दिली आणि पायथ्याशी पेठा वसवल्या. त्यासाठी माणसे आणली ती बहुतांशी ओरछ्याहून. म्हणजे जे राज्य शेजारी होते त्याचेच व्यापारी, कारागीर आणि सावकार उचलून त्याने आपल्या वेशीत आणले. तो १७५७ साली परत बोलावला गेला. पुढे नेवाळकरांचा अंमल बसला आणि शिवराव भाऊंच्या कारकिर्दीत शहराला परकोट मिळाला असे मानतात. परकोटाला दहा दरवाजे: दतिया, उन्नाव, खंडेराव, लक्ष्मी, सागर, सैंयर आणि इतर. आग्नेयेकडचा तो ओरछा दरवाजा. झाशीत आजही पत्त्यात 'अंदर ओरछा गेट' आणि 'बाहर ओरछा गेट' असे लिहितात. या दरवाजाबाहेर जो रस्ता जातो तो थोड्याच कोसांत दुसऱ्या राज्यात शिरत असे. ओरछ्याच्या राजाने १७८३ साली राजधानी टेहरीला, म्हणजे आजच्या टीकमगडला हलवली, तरी बेतवेकाठचा तो मुलूख त्याचाच राहिला. शहराच्या वेशीपासून परक्या हद्दीपर्यंतचे अंतर असे चिमूटभर होते, आणि दाराला भाव येण्याचे पहिले कारण हेच.

या दारातून जाणारा माल बहुतेक बैलाच्या पाठीवरून जाई. काळ्या जमिनीत आणि नदीकाठच्या बेहडांत गाडी चालवणे पावसाळ्यात अशक्य आणि उरलेले आठ महिने कष्टाचे. पाठाळ बैल मात्र ओढ्यातून, चढणीवरून, झुडपांतून वाट काढतो. वंजारी, लमाण, बंजारा अशा नावांनी ओळखले जाणारे तांडे या धंद्यात होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली आग्र्याच्या बाजूला पाहिलेल्या एका तांड्यात १४,००० बैल होते, धान्य लादलेले; आणि हा तांडा दिवसाला फार तर सहा-सात मैल चाले. तावर्निए या फ्रेंच प्रवाशाने तर या लोकांच्या चार शाखा सांगितल्या आहेत: एक धान्याची, एक तांदळाची, एक डाळीची, एक मिठाची. आकडे त्याने फुगवले असतील, पण विभागणीचे तत्त्व पटण्यासारखे आहे. सहा-सात मैल ऐकून आजचा माणूस हसेल. त्याने तांड्याचा खर्च मांडून पाहावा. बैल चालता चालता चरतो, वैरण विकत घ्यावी लागत नाही. तांड्याच्या नाइकाचे कुटुंब बरोबर असते, म्हणून वेगळे घर नाही, वेगळी चाकर माणसे नाहीत. मुले, बायका, कुत्री, सगळे राखणीला. म्हणजे वाटेवरचा खर्च जवळजवळ शून्य. जो खर्च तांड्याला खरोखर खिशातून करावा लागे तो एकच, दारावरचा. त्यामुळे वेग वाढवून त्याला काही मिळत नव्हते. एका नाक्यावरचे पैसे वाचले की मात्र घबाड हाती लागे.

मराठी अमलात जकातीची रचना कशी होती ते पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. जिथे माल भरला तिथे थळभरीत, जिथे उतरून विकला तिथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर जो ज्याच्या हद्दीत असेल त्याची राहदारी. जकातीचे मक्ते दिले जात, एका परगण्याचा मक्तेदार दुसऱ्याला ओळखत नसे, आणि जहागीरदारांचे नाके वेगळे. समजा एका व्यापाऱ्याने शंभर रुपयांचे कापड घेतले आणि वाटेत दहा नाके आहेत. प्रत्येकाने अडीच रुपये घेतले तर पंचवीस रुपये तिथेच गेले. वरून प्रत्येक नाक्यावर गोण्या उतरवणे, मोजणे, हुज्जत घालणे, शिपायाच्या हातावर काही ठेवणे. नवख्या व्यापाऱ्याला भावातला फरक दिसे, कारण तो बाजारात उघड बोलला जातो. दहा नाके त्याला दिसत नसत, कारण ते कोणी ओरडून सांगत नाही. ही अडचण सोडवायला एक पेशाच उभा राहिला होता, तो म्हणजे हुंडेकऱ्यांचा. एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली अहवाल लिहिला त्यात त्यांची नोंद आहे. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकरकमी पैसे घेई आणि सगळ्या वाटेवरच्या जकातीची जबाबदारी स्वतः उचले. जकातदारांशी त्याचे आधीच बोलणे झालेले असे. म्हणजे हा माणूस माल विकत घेत नव्हता, वाहतही नव्हता. तो फक्त दारे उघडून देई, आणि त्यावर त्याचे घर चाले. मालवाहतुकीत पैसा नेमका कुठे होता याला याहून बोलका पुरावा मला दुसरा सापडत नाही. माळव्यात हाच व्यवहार भाड्याशी जोडून 'हुंडाभाडा' म्हणून चाले: भाडे आणि जकात मिळून एक ठोक रक्कम.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. दारावर फार तर पैसे जात. रस्त्यावर जीव जाई. बुंदेलखंड म्हणजे ठगांचा आणि दरोडेखोरांचा मुलूख, पेंढाऱ्यांची पायवाट. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याचे कागद त्यांच्या हकिकतींनी भरले आहेत. मग खरा धोका रस्त्यावरच नव्हता का? धोका होता, पण कोणाला, हे विचारावे लागते. ठग शोधत ते लहान टोळीने चालणारे प्रवासी आणि सावकारांची रोकड घेऊन निघालेले कासीद. मिठाच्या गोण्यांसाठी हजार बैलांच्या आणि शे-दोनशे माणसांच्या तांड्यावर कोणी फास टाकत नाही. लुटले तरी ते मीठ विकायचे कुठे? अवजड आणि स्वस्त मालाला त्याचा अवजडपणाच राखतो. आणि जे हलके आणि महाग, म्हणजे रोकड, त्यासाठी हुंडी होती. सुजानराय भंडारीने १६९५ साली लिहिलेल्या 'खुलासत-उत-तवारीख'मध्ये हुंडी आणि विमा या दोन्ही सोयींचे वर्णन आहे: धोक्याच्या वाटेवर सराफ माल स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन ठराविक मोबदल्यात पोचता करत. झाशीचा वसूल पुण्याला पाठवायचा तर त्यावर हुंडणावळ बसे, आणि तिचा दर वाटेवर कोणाकोणाचा अंमल आहे यावर हले. थोडक्यात, रस्त्यावरच्या धोक्याला जाणत्या माणसांनी किंमत लावून टाकली होती. ती किंमत देऊन तो टाळता येत होता. दार टाळता येत नव्हते. ईव्हमधला नवखा माल गमावतो तो याच चुकीने. त्याला वाटते धोका सगळीकडे सारखा पसरलेला आहे, म्हणून तो जलद जहाज घेतो, आणि लुटारू जिथे बसले आहेत त्याच दारात जलद पोचतो.

तांड्याकडे दारावर वापरायला आणखी एक भांडवल होते, त्याची इतिहासात पुरेशी दखल घेतली जात नाही. ते म्हणजे तटस्थपणा. सैन्याला धान्य लागते आणि धान्य तांड्याकडे असते, म्हणून लढणारे दोन्ही पक्ष त्यांना सहसा हात लावत नसत. दख्खनेत मोगलांच्या मोहिमेबरोबर गेलेल्या भंगी-जंगी नाइकांना पाणी, चारा आणि काही गुन्ह्यांची माफी देणारा ताम्रपट मिळाल्याची परंपरा त्यांच्यात सांगितली जाते. कथा किती खरी ते सोडा, पण वाटेचा हक्क हीच आपली खरी मिळकत असे ते समजत होते हे त्यातून दिसते. १८०३च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीलाही त्यांच्याशिवाय चालले नाही. ते काही साधुसंत नव्हते. वाटेवरच्या गावांच्या तक्रारींत चोऱ्यांचे आरोप आहेत आणि सगळेच खोटे नसावेत. पण शत्रूच्या दारातून बिनबोभाट जाता येणे ही गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. पिढ्यान्पिढ्या शब्द पाळूनच ती मिळते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. दार एवढे महत्त्वाचे असेल, तर दाराचा मालक सगळा नफा गिळून टाकेल. मग व्यापार उरेल कसा? याचे उत्तर झाशीच्याच पूर्वेला मऊ-राणीपूरला मिळते. १७८५च्या सुमारास छत्रपूरचे व्यापारी आपल्या राजाच्या पिळवणुकीला कंटाळून मऊला आले, तेव्हा ते निव्वळ शेतीचे खेडे होते. थोड्याच काळात ती बुंदेलखंडातली मोठी पेठ झाली. आल नावाच्या वनस्पतीच्या मुळांपासून रंगवलेले तिथले तांबडे खारवा कापड दूरदूर जाई. मुलूख मराठी अमलातला होता आणि सुभेदाराला असे व्यापारी हवे होते. दार जास्त घट्ट आवळले की व्यापारी दुसरे दार शोधतो, हे नारोशंकराला ओरछ्याची माणसे आणताना माहीत होते आणि छत्रपूरकरांनी पुन्हा सिद्ध केले. याचा अर्थ मराठी अंमल उदार होता असा कोणी काढू नये. त्यांना महसूल हवा होता आणि शेजाऱ्यापेक्षा थोडे कमी घेऊन जास्त मिळते हे गणित त्यांना जमले होते, इतकेच. १८३५च्या डिसेंबरात स्लीमन झाशीला आला तेव्हा त्याला ते भरगच्च वस्तीचे, गालिच्यांसाठी नावाजलेले शहर दिसले.

ओरछा दरवाजाच्या वाट्याला १८५७-५८ साली जे आले त्यात तर व्यापार आणि युद्ध यांची गाठच पडली. १८५७च्या पावसाळ्यानंतर ओरछ्याचा दिवाण नथेखान झाशीवर चालून आला आणि राणीने त्याला परतवले. पुढच्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजचा वेढा पडला. राणीने भोवतालचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता, शत्रूला काडीची वैरण मिळू नये म्हणून. डाव बिनतोड होता, पण तो फसला दारामुळेच: शिंद्यांकडून आणि टेहरी-ओरछ्याच्या राणीकडून इंग्रजी छावणीला गवत, सरपण, भाजीपाला पोचत राहिला. झाशीची सगळी दारे बंद होती आणि शेजाऱ्याचे उघडे होते. लोकांच्या आठवणीत तर शहर पडले तेच ओरछा दरवाजाने: दुल्हाजू नावाच्या फितुराने तो आतून उघडून दिला, ही कथा वृंदावनलाल वर्मांच्या १९४६च्या कादंबरीने घराघरांत पोचवली. इंग्रजी कागदांत ३ एप्रिलचा हल्ला भगदाडातून आणि शिड्या लावून झाल्याचे सांगितले आहे, आणि फितुरीच्या कथेवर भिस्त ठेवून इतिहास लिहू नये. वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी नंतरची लूट 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली आहे. ती वाचताना सर्वात जास्त बोचते ती तिची शिस्त: आधी सोने-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. हलके आणि महाग ते आधी, अवजड आणि स्वस्त ते शेवटी. वाहतुकीचाच नियम, फक्त भाडे न देता.

तिसरा आक्षेप सर्वांना माहीत असलेला: हे सगळे रेल्वेने संपवले, आणि रेल्वे जिंकली ती वेगाने, मग दाराचा सिद्धान्त कुठे राहिला? तारखा मात्र वेगळे सांगतात. झाशीला इंडियन मिडलँड रेल्वेचे मार्ग १८८९च्या सुमारास सुरू झाले. त्याच्या किती तरी आधी तांड्यांचा कणा मोडायला लागला होता, आणि तो मोडला तो एका नव्या दाराने. कंपनी सरकारने बंगाल इलाख्यातली अंतर्गत राहदारी १८३६ साली उठवली, पण मीठ आणि साखर यांसाठी एक अखंड जकातरेषा ठेवली. पुढे वाढत ती सिंधूपासून महानदीपर्यंत पोचली: सुमारे २,३०० मैल, बऱ्याच भागात काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण, त्यावर जवळजवळ १२,००० माणसांचा पहारा. ही रेषा आग्र्याहून खाली झाशीच्या बाजूने नर्मदेकडे जात होती. रॉय मॉक्सम या इंग्रजाने तिचे अवशेष शोधत हा भाग पालथा घातला आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिले. मिठाच्या तांड्याला पूर्वी दहा नाके होते आणि प्रत्येकाशी घासाघीस होती. आता एकच होते आणि त्याच्याशी बोलताच येत नव्हते. हुंडेकऱ्याची कला इथे कुचकामी ठरली. पुढे सरकारने सांभर सरोवर भाड्याने घेतले, मिठावरचा कर उगमाशीच वसूल करायची सोय केली आणि १८७९ साली रेषा उठवली. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर राहदारी मोडून सगळे थळभरीतावर आणले. रेल्वे आली ती दार आधीच हललेले असताना. तिने वेग आणला हे खरेच, पण तिच्या वाटेवर नाके नव्हते हे व्यापाऱ्याला वेगाहून जास्त मोलाचे होते. स्टेशन झाले शहराच्या पश्चिमेला. माल तिकडे उतरू लागला आणि आग्नेयेकडच्या ओरछा दरवाजाला फक्त गावकी वाहतूक उरली. मधल्या काळात तर आणखी गंमत: १८६१ ते १८८६ झाशी शहर आणि भोवतालचा काही भाग शिंद्यांकडे होता आणि इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे म्हणून शेजारी झाशी नौआबाद वसवले होते. पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात शहर परत घेतले. एकाच गावाच्या दोन अंगांना पंचवीस वर्षे दोन सरकारे होती.

तुलना कुठे तोकडी पडते तेही सांगायला हवे. खेळात जहाज फुटले तर खेळाडू नवे घेतो. तांडा मोडला तर कुटुंब मोडते. दार हलल्यावर सावकार दुसऱ्या धंद्यात गेले, हुंडेकरी दलाल झाले. बंजाऱ्यांच्या हाती बैल आणि वाटेची माहिती एवढेच होते, आणि दोन्हींची किंमत एका पिढीत उतरली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे त्यांतल्या काही गटांना फिरण्यासाठीच गुन्हेगार ठरवले. ज्यांचा पेशा दारातून जाण्याचा होता त्यांना ठाण्यावर हजेरी द्यावी लागू लागली. कायदा रद्द झाला तो १९५२ साली. इतिहासाच्या पुस्तकांत झाशीचे बुरूज आणि तोफा भरपूर आहेत. त्या बुरुजांचा खर्च ज्यांच्या गोण्यांवरच्या जकातीतून निघाला त्यांच्यावर फारशी पाने खर्ची पडलेली नाहीत, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

दारे बदलतात, संपत नाहीत. मुंबईतले जकात नाके १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाले. १ एप्रिल २०१८पासून पन्नास हजारांवरचा माल परराज्यात न्यायचा तर ई-वे बिल लागते, आणि २०२१पासून त्याची मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. मुदत टळली तर ट्रक अडतो. तेव्हा अंतराळात असो की झाशी-मुंबई महामार्गावर, पहिली खेप उचलणाऱ्याने आधी भाव विचारू नये. वाटेत दारे किती, ती कोणाची, आणि आज कोण बसले आहे, हे विचारावे.